रिकामी म्हणायची रीत

संत दिमित्रीचा हिवाळ्याच्या तोंडावरचा सण जवळ आला की डॉक्टर वुकोताचा उजवा हात त्याचा स्वतःचा राहत नसे, तो गाईंचा होऊन जाई. पहाटे घराबाहेर पडायचं, कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात शिरायचं, खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा चढवायचा आणि गाईच्या मागे उभं राहून, हात आत घालून गर्भपिशवी चाचपायची. एरवी वर्षभर हा डॉक्टर जिवंत आहे की मेला याची पठारावर कुणाला फिकीर नसे. पण बर्फ पडायच्या आधी प्रत्येकाला एकच गोष्ट कळायला हवी असे, गाय गाभण आहे की रिकामी. गाभण असली तर हिवाळाभर तिच्यापुढे चारा टाकायचा, रिकामी असली तर बाजाराची वाट दाखवायची. त्यातून यंदाचा उन्हाळा कोरडा गेलेला. गवताच्या गंजी बुटक्या राहिल्या होत्या, आणि त्या बुटक्या गंजींकडे बघत लोक डॉक्टरची वाट पाहत होते.

वुकोता थकला होता, आणि हे थकणं एका दिवसाचं नव्हतं. खांदा पार कामातून गेलेला. कोट चढवतानासुद्धा तोंडातून कण्हणं बाहेर पडे, आणि रात्री जेवताना बायकोला त्याच्यासाठी पाव कापून द्यावा लागे. निवृत्तीचं वय कधीच उलटलं होतं, पण त्याच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं. नव्या पोरापोरींना बेलग्रेडमध्ये कुत्र्यामांजरांची नखं कापणं बरं वाटतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकतही नाही. कुठल्या शहाण्याला या थंडीत दिवसभर शेणात हात घालून उभं राहावंसं वाटेल?

मध्यंतरी सरकारकडून एक यंत्र आलं होतं, गाईच्या पोटातलं पडद्यावर दाखवणारं. त्या यंत्रानं हाताला जरा आराम मिळाला असता. पण पहिल्याच गोठ्यात पडद्यावर वासराचं इवलंसं डोकं दिसलं आणि घरची म्हातारी डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून बाहेर पळाली. शेजाऱ्यानं पाहिलं होतं, शेजाऱ्याच्या पाहुण्यानंही पाहिलं होतं. दृष्ट लागायला आणखी काय हवं? ती गाय पुढे खरोखरच गाभडली. तेव्हापासून ते यंत्र वुकोताच्या गाडीत, जास्तीच्या चाकाशेजारी, पोत्याखाली पडून होतं.

कारण त्या पठारावर एक रीत होती. गोठ्यात उभं राहून गाय गाभण आहे असं कुणी म्हणायचं नाही, डॉक्टरनं तर नाहीच. हात आत असताना मालक विचारी, काय? आणि डॉक्टर, पोटात वासरू उड्या मारत असलं तरी, मोठ्यानं सांगे, रिकामी. सगळ्यांच्या सगळ्या गाई रिकाम्या. कोपऱ्यात जे काही कान देऊन बसलं असेल त्याला असं चकवायचं आणि मग बाहेर यायचं. अंगणात हात धुवायला गरम पाणी आणि बाकावर राकियाची, घरच्या दारूची, बाटली तयार असे. डॉक्टर बाकावर टेकला, पेला हातात घेऊन निवांत बसला, म्हणजे गाय गाभण. उभ्या उभ्याच घोट मारून निघाला, तर गोठ्यातलं उत्तर खरं. तोंडानं कुणी काही बोलत नसे. नवीन आला तेव्हा वुकोताला या प्रकाराचं हसू यायचं. आता तो न हसता बसायचा, कारण तेवढंच बसायला मिळायचं.

सुवी दो गावाच्या सगळ्यात वरच्या घरात पेत्रुना राहायची. ऐंशीच्या घरातली, एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी स्लावका लग्न होऊन खाली शहरात, नोवी सादला. हिवाळ्यात वरचा रस्ता बर्फाखाली जाई, आणि मग पेत्रुना आणि तिची तांबडी गाय रुमेंका, दोघी वसंतापर्यंत एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहत. स्लावका दर वर्षी या दिवसांत येई, आई खाली चल म्हणून रडे आणि एकटीच परत जाई. पेत्रुनाचं उत्तर अख्ख्या पठाराला पाठ होतं. गाय गाभण असली तर मी इथून हलायची नाही, पोटुशीला सोडून कुणी जातं का? रिकामी निघाली तर बाजारात विकीन आणि मुकाट्यानं तुझ्या मागे येईन.

दर वर्षी गाय गाभण निघे. लोक म्हणत, म्हातारीचा जीव त्या डोंगरात अडकलाय, खाली नेली तर महिनाभरही तग धरायची नाही. वुकोतालाही तसंच वाटे. बाकीच्या गोठ्यांत तो फक्त आपलं काम उरकणारा थकलेला माणूस असे, पण पेत्रुनाच्या गोठ्यात तो सगळं दोन-दोनदा चाचपून बघे. इथे आपली बोटं चुकली तर एका बाईचं घर उठेल, हे त्याला प्रत्येक वेळी आठवे.

यंदा तिच्याकडे पोचेपर्यंत दुपार कलली होती. पेत्रुनानं नेहमीसारखी शेपटी धरली. तिचे हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरतायत असं त्याला वाटलं, पण त्याचाच हात इतका दुखत होता की दुसऱ्याच्या हाताचं फार मनावर घ्यायला त्याला सवड नव्हती. रुमेंकाही म्हातारी झाली होती. गर्भपिशवी कमरेच्या हाडाच्या कडेवरून पोटात खाली ओघळलेली होती, बोटांची नुसती टोकं तिला लागत होती. हे लक्षण चांगलं असतं, पण म्हाताऱ्या गाईत फसवंही असतं. म्हणून त्यानं दातओठ खाऊन हात आणखी आत सारला आणि बाजूच्या मोठ्या शिरेवर बोट ठेवलं. रिकाम्या गाईची शीर नुसते ठोके देते. गाभण गाईची थरथरते, जोरात पाणी सोडलेला रबरी नळ मुठीत धरल्यासारखी. रुमेंकाची शीर थरथरत होती, इतकी स्पष्ट की बधिर बोटांनाही कळावं.

वुकोताला बरं वाटलं. त्या दिवसात पहिल्यांदाच बरं वाटलं. पेत्रुनानं विचारलं, काय? आणि तो गोठा दणाणेल अशा आवाजात म्हणाला, रिकामी.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. खालच्या वाडीत कुणाची तरी गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर आला होता, आणि फोनवरचा माणूस रडकुंडीला आला होता. वुकोतानं मोजा ओढून काढला, तिथेच टाकला आणि धावत अंगण ओलांडलं. बाकावर बाटली होती, पेला होता, फडक्याखाली चीज आणि पाव झाकून ठेवलेला होता. त्यातलं काहीही त्याला दिसलं नाही. गाडी वळवताना आरशात पेत्रुना गोठ्याच्या दारात उभी दिसली. तिनं हाक मारली नाही. खालच्या वाडीतली गाय वाचली, वासरू मेलेलंच निघालं, आणि घरी आल्यावर वुकोता अंगावरच्या कपड्यांनिशीच झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्त्याकडेच्या दुकानात कॉफी प्यायला थांबला. तिथे पेत्रुनाचा खालच्या बाजूचा शेजारी रादोसाव भेटला. हा माणूस बातम्या सांगायला लागला की कॉफी थंड झाल्याशिवाय थांबत नसे.

"शेवटी हलवलंसच की म्हातारीला," तो म्हणाला. "काल संध्याकाळी कोंबड्या आणून दिल्या आमच्याकडे. घराची किल्ली दिली. उजाडायच्या आत कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर गाय चढवून उतरलीसुद्धा, लिपनिकच्या बाजाराला. स्लावका दुपारपर्यंत बसनं तिथेच पोचतेय तिला न्यायला."

वुकोतानं विचारलं, गाय कशाला नेली?

"कशाला म्हणजे? तूच रिकामी सांगितलीस ना? म्हणत होती, डॉक्टर बाकाकडे बघायलासुद्धा थांबला नाही, बिचाऱ्याला माझ्यापुढे तोंड दाखवणं जड गेलं असेल."

रादोसाव पुढेही काही सांगत होता, यंदा खाटकांचेच ट्रक आलेत, चारा नाही म्हटल्यावर दुसरं कोण गाय घेणार, वगैरे. ते ऐकायला वुकोता तिथे उरला नव्हता.

लिपनिकचा रस्ता वळणावळणाचा, आणि त्यात धुकं. गाडी दामटत वुकोता स्वतःला शिव्या घालत होता. इतक्या वर्षांत किती बाकांवर बसलो, नको असताना बसलो, पित्त उसळलेलं असताना बसून प्यायलो, आणि नेमकं जिथे बसायला हवं होतं तिथे पाय लागले पळायला. फक्त टेकायचं होतं. एक घोटसुद्धा पुरला असता. आता त्या थरथरत्या शिरेसकट गाय सुरीखाली जाणार आणि म्हातारी कुठल्या तरी चौथ्या मजल्यावर खिडकीशी बसून मरणार, आणि दोन्ही आपल्यामुळे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. थकव्यामुळे असेल, असं तो स्वतःला म्हणाला.

बाजार ऐन भरात होता. भाजलेल्या मांसाचा वास, ट्रकचा धूर, गाईंचं हंबरणं. इद्रिझ नावाच्या व्यापाऱ्याच्या ट्रकला रुमेंका बांधलेली त्याला लांबूनच दिसली. शेजारी पेत्रुना उभी होती. पायात स्लावकानं कधी तरी दिलेले शहरी बूट, अंगात चांगला कोट, पायाशी गाठोडं. गाठोड्यातून घरच्या कुलदैवताच्या तसबिरीची चौकट डोकावत होती. तसबीरसुद्धा भिंतीवरून काढली म्हणजे घरच आवरलं हिनं, हे पाहून वुकोताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं तिथूनच इद्रिझला हाक मारली आणि गाय चढवू नकोस म्हणून ओरडला. इद्रिझ शांत माणूस होता. व्यवहार झालाय, तो म्हणाला, पण तुम्ही म्हणता तर दोन मिनिटं थांबतो. वुकोता धापा टाकत पेत्रुनाजवळ आला.

"काकू, काल मी घाईत गेलो," तो हळू आवाजात म्हणाला. "खाली गाय अडली होती. बसायचं राहून गेलं."

पेत्रुनाला कळलं. कळायला तिला वेळ लागला नाही. तिनं मान वळवून पायाशी ठेवलेल्या गाठोड्याकडे पाहिलं. धक्का बसला असेल बिचारीला, असं वुकोताला वाटलं.

इद्रिझला मात्र हे बसण्या न बसण्याचं काही कळेना. तो शहराकडचा. त्याच्या लेखी डॉक्टर काल एक म्हणतो आणि आज एक म्हणतो, एवढाच त्याचा अर्थ. तो म्हणाला, एकदा माझ्यासमोर तपासा, गाभण असली तर मी हात लावणार नाही. वुकोतानं मोजा चढवला. बघता बघता माणसं गोळा झाली, कारण पेत्रुनाची गाय आणि पेत्रुनाचा मुलीशी असलेला करार बाजारातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होता. पेत्रुनानं शेपटी धरली.

"नीट बघ, डॉक्टर," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "थकलेला माणूस चुकतो. त्याला कुणी नावं ठेवत नाही."

"नाही चुकणार, काकू," वुकोता म्हणाला. तिचा धीर सुटू नये म्हणून तो हसलासुद्धा.

खांद्यातून कळ डोक्यात गेली. त्यानं डोळे मिटून घेतले आणि बोटं पुढे सारली. क्षणभर त्याला काही लागेना, आणि कालचं सगळं आपल्या मनाचेच खेळ होते की काय, असं त्याला वाटून गेलं. मग शीर सापडली. ती थरथरत होती, आणि ती सोडून बोटं खाली नेली तर पिशवीच्या भिंतीआड कसलं तरी लहानसं कठीण काही बोटांना लागून लांब गेलं आणि परत येऊन टेकलं. आता शंकेला जागा नव्हती.

"काय?" इद्रिझनं विचारलं.

वुकोतानं तोंड उघडायच्या आत पेत्रुना बोलली. अगदी हळू, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं. "गोठ्यात सांगतोस तेच सांग."

वुकोतानं आजूबाजूला पाहिलं. एवढी माणसं, एवढे डोळे. म्हातारी दृष्टीला भ्याली, हे त्याला कळलं, आणि तिची दयाही आली. पण इद्रिझपुढे रिकामी म्हणून कसं चालेल? तो गाय ट्रकात चढवून मोकळा होईल. रीत कुठे पाळायची याला काही धरबंध हवा की नको? असं मनाशी म्हणून त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. हात आत असतानाच, चार लोकांत, खणखणीत आवाजात म्हणाला, "गाभण आहे."

गर्दीतून एकदम कलकलाट झाला. कुणी छातीवर क्रूस काढला, कुणी तीनदा थुंकलं, आणि मग लोक हसायला लागले, वुकोताच्या पाठीवर, नेमक्या दुखऱ्या खांद्यावर थापा मारायला लागले. डॉक्टरनं म्हातारीचं घर वाचवलं, असं जो तो म्हणू लागला. इद्रिझनं स्वतः दावं सोडलं. असलं जनावर माझ्या ट्रकात चढत नाही, तो म्हणाला, पोटुशीला कापणं आमच्या धर्मातही पाप आणि तुमच्याही. त्यानं दावं पेत्रुनाच्या हातात दिलं आणि तिच्याकडून आपले पैसे परत घेतानाही अदबीनं घेतले.

लोक पांगले. वुकोता बादलीत हात धूत होता. इतका हलका त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. म्हातारी आता आनंदानं रडेल, आपण काही तरी विनोद करू, मग गाडीमागे जनावरांचा गाडा जोडून दोघींना वर सोडून येऊ, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि तो वळला.

पेत्रुना गाठोड्यावर बसली होती. दावं मांडीवर पडलेलं होतं. तिचा चेहरा पाहून त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"गोठ्यातलं उत्तर द्यायचं होतंस," ती म्हणाली.

"मला वाटलं, तू दृष्टीला भ्यालीस."

"दृष्ट कसली आता, लेका." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. "गेले दोन हिवाळे मी विहिरीपर्यंत गुडघ्यांवर जाते. लाकडं आत आणायला सकाळ जाते सगळी. एकदा गोठ्यात पडले, तर संध्याकाळपर्यंत तिथेच होते. हिनंच ऊब दिली." तिनं गाईकडे नुसतं बोट केलं. "काल तू न बसता गेलास ना, तेव्हा मी बाकावर बसले. तुझ्या पेल्यातली मीच प्यायले. म्हटलं, सुटले."

मग पोरीला सांगायचं होतंस, तो म्हणाला, ती तर दर वर्षी रडून जाते. पेत्रुना म्हणाली, कुठल्या तोंडानं सांगू? एवढी वर्षं तिला रडवून परत पाठवली, अख्ख्या गावाला ऐकवलं की गाय गाभण आहे तोवर हलायची नाही. आता मीच म्हणू, थकले, ने मला? गाईच्या नावावर खपून गेलं असतं सगळं.

"मी इद्रिझला सांगतो, चुकलो म्हणून," वुकोता म्हणाला. त्याला स्वतःलाच ते पटलं नाही.

"मी ऐकलंय ना आता. ऐकल्यावर सुरीला देऊ का हिला?"

दुसरं गिऱ्हाईक बघतो, पाळणारं कुणी तरी, असंही तो म्हणाला. यंदाच्या वर्षी? पेत्रुनानं विचारलं, आणि ते तिथेच संपलं. तिनं गाठोडं सोडलं, आतून चालायचे रबरी बूट काढले आणि पायातल्या शहरी बुटांची नाडी सोडायला वाकली. बोटांना गाठ सुटत नव्हती. वुकोता खाली बसला आणि त्यानं ती सोडवून दिली.

"स्लावकाला फोन कर," ती म्हणाली. "बसमध्ये असेल. म्हणावं, गाय गाभण निघाली, पुढच्या थांब्यावर उतर आणि परत जा. बाकी एक शब्द बोलायचा नाही. शपथ आहे तुला."

वुकोतानं फोन लावला. स्लावकानं लगेच उचलला, मागे बसचा आवाज येत होता. त्यानं सांगितलं, काल चूक झाली, गाय गाभण आहे. मग ती म्हणाली, खोलीत नवी गादी घातली होती, पडदे शिवले होते. असू दे. तिला हवं ते झालं, तेच बरं.

"खूश आहे ना आई?" तिनं विचारलं.

पेत्रुना रबरी बूट घालून उठली होती. एका हातानं गाईच्या पाठीचा आधार घेऊन ती वरच्या रस्त्याकडे बघत होती. वुकोतानं फोन दुसऱ्या कानाला लावला, कारण उजवा हात आता वर राहत नव्हता.

"खूश आहे," तो म्हणाला.